नागपूरच्या तुळईची कुळकथा

पूर्व नागपुरातल्या नंदनवनातून निघून शहर ओलांडलं आणि वर्धा रोड धरला, की विमानतळाच्या पुढे मिहान हा औद्योगिक परिसर लागतो. तिथल्या टाटा समूहाच्या कारखान्यात कार्बन फायबरच्या तुळया तयार होतात. जुन्या घरात माळ्याचा भार तुळई पेलते. ही तुळई बोइंग ७८७ ड्रीमलायनरमधल्या प्रवाशांच्या पायाखाली बसते. अशी २५,००० वी तुळई २०१९ मध्ये इथून बोइंगकडे गेली. ड्रीमलायनर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतं, म्हणजे ध्वनीपेक्षा सावकाश. त्याचे पूर्वज मात्र वेगाच्या मागे लागलेले होते.

१९६० च्या दशकात पुढचं प्रवासी विमान स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवानच असणार, याबद्दल फारशी कुणाला शंका नव्हती. जे. आर. डी. टाटांच्या अध्यक्षतेखाली मुंबईहून चालणारी एअर इंडियाही याला अपवाद नव्हती. १९६२ मध्ये पंख्याची विमानं बाजूला ठेवून तिने सगळा ताफा जेट विमानांचा केला होता. पुढे तिने कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाच्या दोन प्रतींच्या खरेदीचा हक्क राखून ठेवला.

२ मार्च १९६९ रोजी कॉन्कॉर्डने पहिली झेप घेतली आणि २१ जानेवारी १९७६ पासून ते प्रवासी नेऊ लागलं. वेग ध्वनीच्या दुप्पट, ताशी सुमारे २,१८० किलोमीटर. लंडनहून न्यूयॉर्कला साध्या जेटला सात-आठ तास लागत, तिथे कॉन्कॉर्ड साडेतीन तासांत पोहोचे.

हिशेब मात्र जुळेना. त्या वेगाला कॉन्कॉर्डची ऑलिंपस इंजिनं उत्तम कार्यक्षम होती, तोटा इंजिनांत नव्हताच. अडचण हवेची होती. विमानाला वर उचलणारं बल आणि हवेचा अवरोध यांचं गुणोत्तर बोइंग ७४७ ला १७ च्या आसपास मिळे. ध्वनीच्या दुप्पट वेगाला कॉन्कॉर्डचं जेमतेम ७ भरे. टाक्यांत सुमारे ९५ टन इंधन आणि आसनं शंभर. अटलांटिक ओलांडायला माणशी जवळजवळ टनभर इंधन! एवढं भरूनही पल्ला साधारण ७,००० किलोमीटरचाच.

त्यातच १९७३ मध्ये तेल भडकलं. एअर इंडियाने राखलेला हक्क सोडला, तसा इतरही अनेक कंपन्यांनी सोडला. शिवाय स्वनातीत विमान ज्या भूमीवरून जाई, तिथे खाली गडगडाटासारखा धमाका ऐकू येई. कॉन्कॉर्डची लंडन–बाहरीन–सिंगापूर सेवा १९७० च्या दशकाच्या अखेरीस चालली, तेव्हा भारतावरून त्या वेगाने उडायला मुभा नव्हती. सगळी मिळून वीसच कॉन्कॉर्ड बांधली गेली. त्यांतली चौदा विमानं प्रवासी सेवेत आली, आणि तीही दोनच कंपन्यांकडे.

तरी वेगाचा मोह सुटला नव्हता. मार्च २००१ मध्ये बोइंगने ‘सॉनिक क्रूझर’ची घोषणा केली. ध्वनीच्या वेगाच्या अगदी उंबरठ्यावर, साधारण ९५ ते ९८ टक्के वेगाने, उडणारं हे विमान होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर विमान कंपन्यांचं कंबरडं मोडलं आणि त्यांना वेगापेक्षा इंधनाची बचत हवी झाली. डिसेंबर २००२ मध्ये सॉनिक क्रूझर गुंडाळलं गेलं. त्यासाठी केलेला कार्बन फायबरचा विचार मात्र वाया गेला नाही. तो पुढच्या विमानात उतरला, आणि त्या विमानाला २००३ मध्ये ड्रीमलायनर हे नाव मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉन्कॉर्डने शेवटचे प्रवासी नेले.

ड्रीमलायनरच्या वजनातला निम्मा वाटा कार्बन फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचा आहे. वेग ध्वनीच्या ८५ टक्के, पण ७८७-९ चा पल्ला सुमारे १४,००० किलोमीटर, म्हणजे कॉन्कॉर्डच्या जवळपास दुप्पट. नागपूरच्या तुळयांचं काम याच ७८७-९ पासून सुरू झालं.

एअर इंडियाने २००० च्या दशकात बोइंगकडे ६८ विमानं मागवली. त्या व्यवहारातूनच मिहानमध्ये विमान दुरुस्ती केंद्र उभं राहिलं. रुंद विमानं मावतील असे दोन हँगर तिथे आहेत. विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ७८७-९ विमानंही तिच्या ताफ्यात आली. त्यांच्यासारख्या विमानांच्या तुळया जिथे घडतात, तो कारखाना आणि हे हँगर एकाच मिहानमध्ये आहेत.