टेबल सॉ स्लेड म्हणजे काय? घरच्या घरी कसा बनवायचा आणि काटकोन कसा तपासायचा?

यूट्यूबवर लाकूडकामाचे व्हिडिओ बघत असाल, तर एक गोष्ट दिसली असेल. तिकडचे लोक लाकूड हाताने पात्यावर ढकलत नाहीत. एका सरकत्या प्लायच्या पाटावर ठेवतात आणि तो पाटच पुढे ढकलतात. या पाटाला म्हणतात स्लेड. तो विकत घ्यावा लागत नाही. देऊळघाटात राहत असाल, तर बुलढाण्याच्या बाजारात मिळणाऱ्या प्लाय, स्क्रू आणि फेविकॉलमध्ये काम होतं.

स्लेडची गरज का?

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टेबल सॉ म्हणजे टेबलाखाली उलटा बसवलेला ११० मिमी पात्याचा मार्बल कटर. हा मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो, म्हणजे पात्याच्या दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास! लाकूड जरा तिरकं झालं, की मागून वर येणारे दात ते उचलून तुमच्याच दिशेने फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. स्लेडवर लाकूड पट्टीला टेकलेलं असतं, त्यामुळे ते फिरत नाही आणि हातही पात्यापासून लांब राहतो.

दुसरा फायदा सांध्याचा. खाच आणि कुसू, फोटोफ्रेमचा ४५ अंशांचा कोपरा, ड्रॉवरचा बोटांसारखा सांधा, हे सगळं काप सरळ असेल तरच घट्ट बसतं.

भाग कोणते?

- तळ: १२ मिमी प्लाय. कटर साधारण ३० मिमी खोल कापतो, त्यातले १२ स्लेडच खातो. म्हणून जाड प्लाय नको.
- रनर: टेबलाच्या खाचेत सरकणारी सागवानी पट्टी. टेबलाला खाच नसेल, तर टेबलाच्या दोन्ही कडांना बाहेरून धरणाऱ्या पट्ट्या लावा. मात्र त्या कडा एकमेकींना आणि पात्याला समांतर हव्यात.
- दोन उभ्या पट्ट्या: लांबची पट्टी फक्त तळ जोडून ठेवते. आपल्याकडची पट्टी पात्याला बरोबर काटकोनात हवी. तिला एका टोकाला एक स्क्रू घट्ट लावा, दुसरं टोक आधी क्लॅम्पने धरा.
- ठोकळा: पातं जिथून आपल्या बाजूला बाहेर येतं, तिथे जाड लाकडी ठोकळा चिकटवा. अंगठा वाचवणारा भाग हाच.

काटकोन तपासा: पाच कापांची पद्धत

गुण्या लावून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. फोनच्या लेव्हल ॲपवर तर अजिबात विसंबू नका. ॲप अर्धा अंश चुकलं, तरी ४०० मिमीवर साडेतीन मिमी फरक पडतो, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त. विल्यम एनजी यांच्या व्हिडिओमुळे लोकप्रिय झालेली पद्धत वापरा:

१. साधारण ४२० मिमीचा चौकोनी प्लाय घ्या. एक बाजू कापा.
२. कापलेली बाजू पट्टीला टेकवून पुढची बाजू कापा. एकाच दिशेने फिरवत चार काप घ्या.
३. पाचवा काप पहिल्याच बाजूवर घ्या, पण २० मिमी रुंदीची पट्टी निघेल असा.
४. या पट्टीची दोन्ही टोकांची रुंदी डिजिटल व्हर्नियरने मोजा.

प्रत्येक कापात चूक साठत जाते, त्यामुळे शेवटच्या पट्टीत ती चौपट दिसते. मोजता न येणारी चूक मोजता येण्याइतकी मोठी करायची, एवढीच युक्ती.

उदाहरण: एक टोक २०.० मिमी, दुसरं २०.८. फरक ०.८, भागिले ४ म्हणजे ०.२ मिमी. ही ४०० मिमी लांबीमागची चूक. स्क्रूपासून पट्टीचं दुसरं टोक ६०० मिमीवर असेल, तर ०.२ ÷ ४०० × ६०० = ०.३ मिमी सरकवा. ऑटो पार्टच्या दुकानात मिळणारं ०.३ मिमीचं फीलर गेज मध्ये धरलं, की नेमकं तेवढंच सरकतं. पुन्हा पाच काप घ्या. फरक वाढला, तर दिशा उलटी होती असं समजा. जमलं, की बाकीचे स्क्रू मारा.

हे विसरू नका

- कटरला लाकडाचंच टीसीटी पातं लावा. त्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा कटरपेक्षा जास्त हवी.
- असा उलटा बसवलेला कटर कंपनीच्या सूचनांबाहेरचा वापर आहे. टेबलाच्या पुढच्या बाजूला हाताशी येईल असा वेगळा स्विच बसवाच.
- स्लेड आडव्या कापासाठी आहे. लांब फळी उभी चिरायला वापरू नका.
- एकसारखे तुकडे कापायला स्टॉपर लावा, पण एकाच बाजूला. दुसरी बाजू मोकळी नसली, तर तुकडा अडकून उडतो.
- चष्मा घाला. हातमोजे नकोत, पातं ते आत ओढतं.

परदेशात सॉ-स्टॉपसारख्या मशीन बोट लागताच पाच मिलीसेकंदांत पातं थांबवतात. आपल्या उलट्या कटरला तशी सोय नाही. तिथे बोटं वाचवायला प्लायचा स्लेड आणि तो ठोकळा, हेच हाताशी आहेत. त्यामुळे पहिला सांधा कापण्याआधी स्लेड बनवा.