मुळाशी सफरचंदाचं झाड

लघवीत साखर उतरली की मधुमेह, ही खूण फार जुनी. अशा लघवीला मुंग्या लागतात, हे आयुर्वेदाच्या वैद्यांनीही नोंदवून ठेवलं आहे. आज मात्र मधुमेहींना दिली जाणारी ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली औषधं नेमकं हेच करतात: साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. त्यांचं कूळ शोधत गेलं, तर आपण सफरचंदाच्या झाडापाशी पोचतो.

१८३५ साली द कोनिंक आणि स्तास या बेल्जियन रसायनतज्ज्ञांनी सफरचंदाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं केलं. ते सिंकोनाच्या सालीसारखंच कडू, म्हणजे तापावर चालेल, असा तेव्हाचा कयास.

१८८६ मध्ये जर्मन वैद्य योझेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं आणि त्यांच्या लघवीतून साखर वाहू लागली. रक्तातली साखर मात्र वाढलेली नव्हती. तापाचं औषध म्हणून पाहिलेला पदार्थ आता मधुमेहाचं लक्षण घडवणारं साधन म्हणून प्रयोगशाळांत वापरला जाऊ लागला.

हे घडतं मूत्रपिंडात. तिथे रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि जवळजवळ सगळं रक्तात परत घेतलं जातं. यातलं बहुतेक काम एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन करतं. फ्लोरिझिन त्याचीच वाट अडवतं. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांना ते दिल्यावर रक्तातली साखर तर उतरलीच, शिवाय इन्शुलिनला शरीराचा प्रतिसादही सुधारला.

तरीही त्याची गोळी होईना. आतड्यातलं विकर फ्लोरिझिनचे तुकडे करतं. शिवाय फ्लोरिझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१ लाही अडवत असल्याने जुलाबाचा धोका. मग रसायनतज्ज्ञांनी मूळ रेणूचा सांधाच बदलला. फ्लोरिझिनमध्ये साखरेचा भाग ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो. नव्या रेणूंत तो थेट कार्बनला जोडला. हा सांधा विकरांना सहजी तुटत नाही. त्यातून आलेल्या डापाग्लिफ्लोझिनला २०१२ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली.

२०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचे निकाल आले. हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले होते. पुढे मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही ही औषधं दिली जाऊ लागली. लघवीत साखर राहिल्याने जननेंद्रियाजवळ बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, हा त्यांचा नेहमीचा त्रास.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मुख्य पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर अनेक देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या औषधांच्या दुकानांत आल्या.