बिस्किटाच्या डब्यातली नोट

खैतानच्या घरांतून आवराआवर निघाली की बिस्किटाच्या जुन्या डब्यात हमखास काहीतरी सापडते: अंगाऱ्याची पुडी, विमानाच्या तिकिटाचे अर्धुक, बाद झालेली नोट. किंमत शून्य, पण टाकायला हात धजत नाही.

या बाद नोटांशी आपले जुने नाते आहे. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. त्या छापल्या आपल्या नाशिकला! १ एप्रिल १९६१ रोजी दिनार आला, सुमारे १३ रुपये ३३ नये पैशांना एक. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे आक्रमण झाले. लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे मायदेशी परतले. लुटलेला पैसा निरुपयोगी व्हावा म्हणून १९९१ मध्ये कुवेतने नोटाच बदलल्या.

आमच्याही डब्यात तशी एक नोट आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ती म्हणजे कापसाचे तंतू आणि शाई. ती ज्या काकांनी दिली ते आता नाहीत. त्या दिवसांत ती त्यांच्यापाशी कशी राहिली, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.

म्हणून विनंती: अशी वस्तू चिकटपट्टीने चिकटवू नका, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा. आणि पाकिटावर दोन ओळी लिहा: कोणाची, कधीची. सांगणारी माणसे आहेत तोवरच.