चौकट

आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची चौकट मी आठशे रुपयांना विकली. घरातल्या माणसांखेरीज ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. तेरची उत्तरेश्वराची चौकट बघितली नसती तर मलाही ती एवढी टोचली नसती. म्हणून आधी आमची सांगतो, मग तेरची.

आमचं गाव आज लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरगा तालुक्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आमच्याकडची घरं कशी होती हे शहरातल्या वाचकांना सांगायला पाहिजे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती. आत लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं हे आम्ही खणांवर सांगायचो. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वर मातीचा नवा थर टाकायचा. आज्याच्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर आपला. असं वजन वाढत गेलं आणि त्या पहाटे ते सगळं खाली आलं.

भिंती आधी सुटल्या. पण कितीतरी घरांत भिंती पडल्या तरी आतला लाकडाचा सांगाडा उभा राहिला. पुढं पाहणीला आलेल्या इंजिनिअर लोकांनीही हेच लिहून घेतलं. माझी आई मधल्या खणात झोपली होती, ती वाचली. वडील ओसरीवर भिंतीकडेला झोपले होते.

त्यानंतर चार महिने आम्ही पत्र्याच्या शेडात काढले. त्या थंडीत पुण्याकडचे व्यापारी टेंपो घेऊन पडक्या गावांतून फिरू लागले. खांब, तुळया, कडीपाट, दारं, जे उभं होतं ते मागत होते. माणसांना दगडाची भीती बसली होती आणि लाकूड ठेवायला जागा नव्हती. शाळेची फी होती, बैल मेला होता. मी 'हो' म्हणालो.

चौकट सागवानी होती. आमच्या पणज्यानं सुताराला बलुत्यावर धान्य देऊन दोन उन्हाळे बसवून करून घेतलेली, असं घरात सांगत. बिजागरी नव्हती. फळीचाच गोल खुंट वर-खाली भोकात फिरायचा आणि उघडताना दार ओरडायचं. बाजूच्या उभ्या लाकडांवर वेल कोरलेली, खाली एकेक कलश. वरच्या गणेशपट्टीवर मधोमध गणपती आणि दोन्हीकडं पोपट. उजव्या हाताच्या पोपटाची चोच मी लहानपणी विटीनं मोडली होती आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. टेंपो गेल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "लाकडानं मला ठिवलं आन तू लाकूडच इकलास."

तेरला गेलो तो पुष्कळ वर्षांनी, पाहुण्यांच्या लग्नाला. धाराशिवपासून तेर जवळच, तेरणा नदीच्या काठी. आमच्यासारख्या वारकरी घराला तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, कुंभाराचं. दुपारी जेवणं झाल्यावर वेळ होता म्हणून भाच्यानं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात नेलं. लामतुरे तिथलेच. पाऊस पडला की तेरच्या टेकाडांवरून माती वाहते आणि मणी, नाणी, मातीची खेळणी उघडी पडतात. असल्या वस्तू या गृहस्थानं जन्मभर गोळा केल्या आणि त्यातूनच पुढं हे संग्रहालय उभं राहिलं. मला आठवलं, आपण माळवदावर टाकायला जी पांढरी माती आणायचो ती अशाच जुन्या गावठाणाच्या टेकाडाची. 'पांढर' म्हणतो ना आपण, ती म्हणजे मेलेल्या गावाची मातीच. किती गावांचे मणी आपण आपल्या डोक्यावर चढवून बसलो असू!

तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जातो. कापड जायचं. पुढं कोकणात आणि कोल्हापुराकडं राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे गाव सोडलं तरी गावाचं नाव सोडलं नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या पुनर्वसनातल्या माणसांची आठवण आली. नव्या गावाला नंबराचे रस्ते आहेत, पण पत्ता सांगताना सगळे जुन्या वेशीपासूनच सांगतात.

संग्रहालयात एका बाजूला ती चौकट. उत्तरेश्वराच्या देवळाची, लाकडाची. जाणकार ते देऊळ साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधी सहा-सातशे वर्षं. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की अरे, ही तर आपलीच. उंबऱ्यापासून वरच्या पट्टीपर्यंत तीच बांधणी. कडेनं एकात एक सरकत जाणाऱ्या कोरीव पट्ट्या, ज्यांना देवळाच्या भाषेत शाखा म्हणतात. लाकूड काळं पडलेलं, कुठं कुठं झिजलेलं, पण हात कुठून सुरू झाला आणि कुठं थांबला ते अजून कळतं.

एवढं जुनं कोरीव लाकूड आपल्या मुलखात फारच थोडं उरलंय. कार्ल्याच्या लेण्यात छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या याहून जुन्या. बाकी सगळं वाळवीनं, पाण्यानं, आगीनं खाल्लं. आणि गंमत बघा, दगडाची जी देवळं आणि लेणी आपण डोळे मोठे करून बघतो, ती पुष्कळशी लाकडाची नक्कल आहेत. दगडाला तुळयांची काय गरज? तरी लेण्यांत छताला दगडाच्या तुळया कोरल्यात, कारण कारागिराला घर म्हटलं की तुळई दिसायची. भूम तालुक्यात माणकेश्वरला महादेवाचं देऊळ आहे, चांदणीसारखे कोन काढत बांधलेलं आणि अंगभर कोरलेलं. असल्या देवळांतले खांब नीट बघा. एकावर एक कड्या घातल्यागत, सुताराच्या चरकावर फिरवून काढल्यागत दिसतात. आपण ह्या सगळ्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत तेराव्या शतकात यादवांचा मंत्री. त्याच्या आधीपासून असं काम चालू होतं. उमरग्याहून कल्याण काही लांब नाही, तिथं चालुक्यांची राजधानी होती. त्यांच्या काळातच ह्या भागात दगडाला बहर आला.

मग उत्तरेश्वराचं लाकूड कसं टिकलं? मी शेतकरी माणूस, माझी अक्कल माझ्यापुरती. तेरची जुनी देवळं विटांची आहेत. त्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. मातीत तूस कालवून भाजलेल्या. भिंत हलकी असली की दारावरच्या लाकडावर भार कमी. हे एक. दुसरं म्हणजे देऊळ कधी ओसाड पडलं नाही. तेलाचा हात लागत राहिला, झाडलोट राहिली, कुणीतरी रोज त्या उंबऱ्यावर डोकं टेकवत राहिलं. वाळवी लागते ती बंद घराला. तिथल्याच त्रिविक्रमाच्या देवळाचं बघा. पाठीमागून हत्तीच्या पाठीसारखं गोल असलेलं ते विटांचं देऊळ आधी बौद्धांचं चैत्य होतं, असं १९०२-०३ च्या सुमाराला हेन्री कझिन्स या इंग्रज अधिकाऱ्यानं तेरवर लिहिताना दाखवून दिलं. त्यात पुढं विष्णू आला, बळीच्या गोष्टीतला, पाय उचललेला, काळ्या पाषाणाचा. देव बदलला, दिवा चालू राहिला, म्हणून भिंती राहिल्या. कुणाला यात भांडण दिसत असेल, मला त्यात घर नांदतं राहिलेलं दिसतं.

आमच्या तुळजापूरच्या आईचंही असंच. मूर्ती पाषाणाची, गंडकी शिळेची म्हणतात, आठ हातांची, महिषासुराला मारणारी. पण ती एका जागी रोवलेली नाही. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठते आणि लाकडाच्या पलंगावर झोपते. दसऱ्याला नगरकडून नवा पलंग आणि पालखी येते, वाटेतली गावं पलंगाच्या पाया पडतात. दगड तोच राहतो, लाकूड दरवर्षी नवं. लाकूड टिकवायची ही पण एक रीत, कारण सुताराचा हात त्यामुळं चालू राहतो.

तेरहून परत येताना एस.टी.त मला आमच्या वेशीतला वीरगळ आठवला. चौकट तर गेली होती, दगड तरी कुठं होता?

वीरगळ म्हणजे लढाईत नाहीतर गायीगुरं सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड. चालुक्य-यादवांच्या काळातले असे दगड आपल्या प्रत्येक दुसऱ्या गावात आहेत, मारुतीच्या पाराला टेकवलेले. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, कधी पाठीमागं गुरांची रांग. त्याच्या वर अप्सरा वीराला हात धरून वर घेऊन जातात. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. टोकाला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहो. नाव मात्र बहुतेक दगडांवर नसतंच. शेजारी कधी सतीचा दगड असतो, त्यावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात. आमच्या वीरगळावर आम्ही पोरं बसायचो, बायका पापड वाळवायच्या, एका कडेवर विळ्याला धार लावून खोल चरा पडला होता. राजाची नव्हे, गावातल्याच कुणा राखणदाराची ही मूर्ती, हे दहावीपर्यंतच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

भूकंपात वेस पडली. नंतर रस्त्याच्या कामाला एका ठेकेदारानं जुन्या गावातला दगड ट्रकांनी नेला. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही. तो दगड वडिलांच्या अंगावरनं काढलेला होता, मला तो डोळ्यांपुढं नको होता.

दोन उन्हाळे मी शोधलं. बाभळी माजल्या होत्या, नागफणी होती. शेवटी सापडला तो दुसऱ्याच्या शेतात, जनावरांच्या हौदाजवळ पालथा टाकलेला, चिखल होऊ नये म्हणून. विळ्याचा चरा हाताला लागला म्हणून ओळखला. त्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आबा, मला काय ठाव, आमी गुळगुळीत बाजू वर केली." खरंच होतं. पालथा पडल्यामुळंच कोरीव बाजू वाचली होती. ट्रॅक्टरला लोखंडी सळया लावून सहा जणांनी तो नव्या गावात आणला आणि मारुतीपुढं उभा केला.

उभा केल्यावर लगेच वाद. बायका शेंदूर घेऊन आल्या. शाळेतले मास्तर म्हणाले, शेंदूर लावू नका, कोरीव काम बुजतं, बघणाऱ्याला काही दिसत नाही. मास्तरांचं बरोबर होतं. शेंदराचे थर आमच्या माळवदासारखेच, एकावर एक चढत जातात आणि आतली मूर्ती गोळा होऊन बसते. पण मला बायकांचंही पटत होतं. ज्याला शेंदूर लागतो त्याला कुणी रस्त्याच्या कामाला नेत नाही. अखेर असं ठरलं की चंद्र-सूर्याजवळ एक बोट लावायचं, बाकी पाण्यानं धुवायचं. पोरींनी ते अजून पाळलंय. कुणी मुलगा दोन बोटं लावायला गेला तर ओरडतात.

आईला तेव्हा नीट चालवत नव्हतं. तिला खुर्चीत बसवून पारापाशी नेली. तिनं मधल्या खणातल्या अप्सरांवरून हात फिरवला. हो, वीरगळाच्या पट्ट्यांनाही ती खणच म्हणाली. वरच्या खणात बसलेल्या वीराकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं वडिलांची आठवण काढेल. ती म्हणाली, "दगुड आनलास, बरं केलंस. आन चौकट?"

पुण्याला पोरीकडं गेलो की जावई हौसेनं बाहेर जेवायला नेतात. हल्ली मोठ्या हॉटेलांच्या आणि कपड्यांच्या दुकानांच्या तोंडाशी जुन्या वाड्यांच्या चौकटी बसवलेल्या असतात, पॉलिश मारून. सगळे आत जातात, मी दारात थांबतो आणि वरच्या पट्टीवर उजव्या हाताच्या पोपटाची चोच बघतो. आतापर्यंत सगळ्या पोपटांच्या चोची शाबूत निघाल्या.