दहावा डाव

गेल्या वर्षीं गणेशोत्सवानंतरच्या एका रविवारीं पेणेस बुद्धिबळाची एक लहानशी स्पर्धा भरली होती. रोह्याहून पेण कांहीं दूर नाहीं. नागोठणें, कासू हीं स्थानकें मागें टाकलीं कीं आगगाडी पेणेस पोंचते. वयाचीं पंचावन्न वर्षें उलटलेला, वडिलांकडून हा खेळ शिकलेला आणि आपल्या आळींत चांगला खेळाडू म्हणून गणला गेलेला असा मी मोठ्या उमेदीनें तेथें गेलों. चौथ्या फेरींत माझ्यासमोर बारा वर्षांचा एक मुलगा येऊन बसला. खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीस धड टेंकत नव्हते. सोळाव्या खेळीस माझ्या वजिरानें एक फुकटचें प्यादें खाल्लें. एकोणिसाव्या खेळीस त्या वजिराला परतावयास वाट उरली नाहीं. मीं डाव सोडला.

मुलगा उठतां उठतां म्हणाला, "काका, डाव पुन्हां मांडून पाहूं या का? तें प्यादें खाईपर्यंत तुमचा डाव चांगला होता." त्यानें हें अगदीं सरळ मनानें म्हटलें होतें. परंतु मीं घाईचें निमित्त सांगितलें, खेळ्या लिहिलेला कागद खिशांत कोंबला आणि पुढच्या फेऱ्यांसहि न थांबतां परतीची गाडी गांठली. रोहें येईपर्यंत मनाचा निश्चय झाला होता कीं, आतां हा खेळ पुरे. वडिलांचा पट आणि मोहरीं माळ्यावर ठेवून द्यावीं.

चार दिवसांनीं राग ओसरला, तेव्हां एक प्रश्न पुढें उभा राहिला. मला दुःख झालें तें नेमकें कशाचें? डाव गेल्याचें, कीं चारचौघांत एका पोरानें हरविल्याचें? या प्रश्नानें मला आपल्या देशांतील बुद्धिबळाच्या गेल्या पावणेदोनशें वर्षांच्या इतिहासाकडे वळविलें. जिंकणाऱ्यांच्या कथा तेथें पुष्कळ आहेत; मीं शोध घेतला तो हरणाऱ्यांचा.

आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत कोंकणांतल्या ओटीवर जें बुद्धिबळ चाले, तें देशी पद्धतीचें. त्यांत प्यादें पहिल्या खेळीसहि एकच घर पुढें सरके. किल्लेकोट नसे, त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्याची उडी घेतां येई. मात कोणत्या मोहऱ्यानें दिली यालाहि महत्त्व असे, आणि प्याद्यानें दिलेली मात सर्वांत मानाची समजली जाई. खेळणारे दोघे, परंतु सल्ला देणारे दहा. असा तो दरबार. त्यांत रस होता, विनोद होता, बुद्धीचा कसहि लागत होता. मात्र एक गोष्ट नव्हती. खेळ्या लिहून ठेवण्याची चाल नव्हती. डाव मोडला कीं मोहरीं पिशवींत जात आणि त्यांबरोबर डावहि नाहींसा होई. हरणाराच्या हातीं शिकण्यासारखें कांहींच उरत नसे. उरत असे ती फक्त 'प्यादेमात झाली' ही बोंब. अशा वेळीं माणसाला पराभव म्हणजे केवळ मानहानि वाटली, तर त्यांत नवल काय?

हा प्रकार बदलूं लागल्याचें ठळक उदाहरण बंगाल्यांत सांपडतें. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश वकील कलकत्त्यास वकिली करीत असे. यूरोपांतील नामांकित खेळाडूंशीं तो तरुणपणींच खेळला होता. १८४८ च्या सुमारास त्याची गांठ महेशचंद्र बंदोपाध्याय या बाहेरगांवच्या ब्राह्मणाशीं पडली. महेशचंद्रांना आपल्या मुलखांत कोणी हरविलें नव्हतें, अशी त्यांची ख्याति. परंतु कलकत्त्यांत नियम यूरोपीय. प्यादें दोन घरें उडी घेतें आणि राजा व हत्ती एकाच खेळींत जागा बदलतात, हें सारें त्यांना नवें होतें. पुढील दहाबारा वर्षांत दोघांचे शेंकडों डाव झाले, आणि कॉक्रेननें ते टिपून ठेवल्यामुळें आजहि पाहावयास मिळतात. त्यांतील अधिक डाव महेशचंद्रांनीं गमावले आहेत. तरीहि ते पुन्हां पुन्हां पटासमोर येऊन बसले. विशेष हें कीं, त्यांनीं आपली जुनी रीत टाकून दिली नाहीं. प्यादीं एकेक घर सरकवून उंट बाजूनें बाहेर काढण्याची देशी धाटणी नव्या नियमांत घांसूनपुसून घेतली. त्या वेळीं यूरोपांत ही चाल विचित्र मानली जाई. विसाव्या शतकांत तिच्याच कुळांतले बचाव 'इंडियन डिफेन्स' या नांवानें जगभर मान्य झाले. हरलेल्या डावांची ही बखर कोणी लिहून ठेवली नसती, तर हें नांव पडलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

लिहून ठेवणें हा पहिला उपाय झाला. दुसरा उपाय १९२९ सालच्या लंडनांत दिसतो. पंजाबांतील मीर सुलतान खान हा १९२८ सालीं अखिल भारतीय स्पर्धा जिंकून आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासह विलायतेस गेला. त्याच्या सरावासाठीं तेथें एक छोटी स्पर्धा मुद्दाम भरविण्यांत आली. हिंदुस्थानचा हा विजेता तींत शेवटच्या जागेवर आला. ज्याच्यासाठीं मांडव घातला तोच तळाला! परमुलूख, परभाषा, नवे नियम आणि वर हा लौकिकाचा बोजवारा; परत फिरण्यास याहून अधिक कारण तें कोणतें हवें? परंतु त्याच स्पर्धेंत त्याच्या वर राहिलेले विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन इंग्रज खेळाडू त्याच्याबरोबर सरावास बसले. त्याच उन्हाळ्यांत रॅम्सगेट येथें सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी झाला, आणि पुढें १९३२ व १९३३ सालींहि तें पद त्यानें मिळविलें. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेंत तर त्यानें माजी जगज्जेता कापाब्लांका यालाहि हरविलें. पराभवानंतर ज्यांनीं आपल्याला मागें टाकलें त्यांच्याजवळच जाऊन बसणें, हें त्यानें केलें. आणि मीं पेणेस नेमकें हेंच टाळलें.

आतां एका मराठी खेळाडूची गोष्ट. सुलतान खान १९३३ सालच्या अखेरीस स्वदेशीं परतला, आणि १९३५ सालीं त्याचा वि. का. खाडिलकर यांच्याशीं दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर हे त्या काळच्या आघाडीच्या हिंदी खेळाडूंपैकीं एक. सामन्याचा निकाल असा: नऊ डाव सुलतान खानानें जिंकले आणि एक बरोबरींत सुटला. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट सुलतान खानाच्या पराक्रमाचा दाखला म्हणून येते, आणि तें योग्यच आहे. परंतु मला त्या आंकड्यांत दुसरें कांहीं दिसतें. खाडिलकर दहाहि डाव खेळले. सामना हातचा गेल्यावरहि ते पटासमोर येऊन बसत राहिले. ज्या माणसाला आपला पराभव ठरलेला दिसत आहे, त्यानें दहाव्या डावासाठीं मोहरीं मांडावीं, यास काय म्हणावें? आपण त्यास पराभव म्हणतों. मी त्यास खेळाची निष्ठा म्हणेन. सुलतान खानासारख्याकडून मिळालेल्या अर्ध्या गुणाची किंमतहि कांहीं लहान नव्हे.

योगायोग असा कीं, त्याच १९३५ सालीं जगज्जेता अलेखिन हा हॉलंडच्या मॅक्स युवेकडून एका गुणाच्या फरकानें हरला. हा युवे पेशानें गणिताचा शिक्षक. त्याच्याकडून अलेखिन हरेल असें फारच थोड्यांना वाटलें होतें. अलेखिननें पुढचीं दोन वर्षें स्वतःस शिस्त लावली, मद्य दूर ठेवलें आणि १९३७ सालीं आपलें पद मोठ्या फरकानें परत मिळविलें. युवेनें स्वतः ही परतफेडीची संधि त्यास दिली होती. जिंकलेला माणूस असाहि असूं शकतो.

याच युवेचें नांव चाळीस वर्षांनीं आपल्या महाराष्ट्राशीं जोडलें गेलें. १९७६ सालीं मुंबईची रोहिणी खाडिलकर ही तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरली. तींत खेळणारी ती पहिली स्त्री. त्यावरून मोठा गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि त्या वेळीं जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष असलेल्या युवे यांनीं निर्णय दिला कीं, स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं. पुढें १९८१ सालीं रोहिणी आशियाची महिला विजेती झाली. आतां या गदारोळाचें मूळ शोधा. पटावर वजीर कोणाचा आणि उंट कोणाचा हें पाहतांना समोरचा खेळाडू स्त्री आहे कीं पुरुष, बाल आहे कीं वृद्ध, याचा संबंध येतोच कोठें? तो संबंध मान आणतो. बारा वर्षांच्या मुलापुढें मला जी लाज वाटली, ती त्याच जातीची होती. हें उमगलें तेव्हां मी मनांतल्या मनांत वरमलों.

तिसरा उपाय सांगलीनें दाखविला आहे. तेथील भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केलें आणि सारें आयुष्य त्यास वाहिलें. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाति घाटे यांसारख्या खेळाडूंचा या मंडळाशीं संबंध आहे. मंडळाचें महत्त्व केवळ अशा मोठ्या नांवांत नाहीं. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पुन्हां जेथें जाऊं शकतो, जेथें त्याच्याआधींहि कोणी हरलेलें असतें आणि त्याविषयीं कोणी खंत करीत बसत नाहीं, अशी ती जागा आहे. एकट्याचा उत्साह आठ दिवसांत विझतो; मंडळीत बसणाऱ्यास तो रोज नव्यानें कमवावा लागत नाहीं.

येथें एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो मलाहि खरा वाटतो. सुलतान खान स्वदेशीं परतल्यावर मोठ्या स्पर्धांतून कायमचा दूर झाला, शेती पाहूं लागला, आणि मुलांना त्यानें सांगितलें कीं, आयुष्यांत बुद्धिबळाहून अधिक उपयोगाचें कांहीं करा. १९६६ सालीं तो वारला. जागतिक संघटनेनें त्यास ग्रँडमास्टर हा किताब दिला तो थेट २०२४ सालीं. जगांतल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूस ज्या खेळानें इतकेंच दिलें, त्यासाठीं रोह्याच्या एका प्रौढ गृहस्थानें रात्री कां जागवाव्या? माझें उत्तर असें कीं, खेळ सोडण्यास हरकत नाहीं. संसार, पोट, प्रकृति, अशीं अनेक चांगलीं कारणें त्यास असूं शकतात. परंतु मानास धक्का लागला हें त्यांपैकीं नव्हे. त्या कारणानें जो पट गुंडाळतो, तो उद्यां दुसरेंहि कांहीं त्याच कारणानें गुंडाळील.

दिवाळीनंतर मी पुन्हां पेणेस गेलों. विसर्जनास फार दिवस झाले नव्हते, तरी गणपतीच्या कारखान्यांतून पुढच्या वर्षाच्या मूर्ति आकारास येऊं लागल्या होत्या. आपल्या हातचें काम दर वर्षीं पाण्यांत जातें हें त्या कारागिरांस ठाऊक असतें. आणि तरीहि साचा पुसून ते नव्यानें कामास लागतात.

त्या मुलाचें घर विचारीत मी गेलों, आणि खिशांतला चुरगळलेला कागद त्याच्यापुढें ठेवला. त्यानें लगेच पट मांडला. सोळाव्या खेळीपाशीं थांबून म्हणाला, "येथें तुम्ही घोडा पुढें आणला असता तर मीच अडचणींत होतों, काका." इतकी साधी गोष्ट! ती कळण्यास मला दीड महिना लागला, आणि त्यांतला बहुतेक वेळ मीं रुसण्यांत घालविला.

तेव्हांपासून महिन्यांतून एकदां मी पेणेस जातों. आमचे आतांपर्यंत सात डाव झाले. सहा त्यानें जिंकले आणि एक बरोबरींत सुटला. साऱ्या डावांच्या खेळ्या एका वहींत लिहिलेल्या आहेत, आणि पुढचीं पानें कोरीं आहेत.