बाळंतिणीचे ताट : सोलापूरच्या इतिहासातील एक पान

इतिहास म्हटला की राजांची नावे, लढायांच्या तारखा आणि तहांची कलमे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. बाळंतिणीच्या ताटाला इतिहास असतो, असे कोणी म्हटले तर श्रोते हसतील. परंतु सोलापुरासारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात त्या ताटात काय पडले, ते कोणी वाढले आणि कोणत्या काळी ते रिकामे राहिले, हे पाहू लागलो तर शहराची दीडशे वर्षे आपोआप उलगडत जातात. हाच प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

गर्भिणीने नीट खावे, ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यामहिन्याचा आहार सांगितला असून त्यात दूधतुपाला मोठे स्थान आहे. लोकरीतीही तेच सांगते. आमच्या शहरात मराठी घरी डोहाळेजेवण, कानडी घरी कुबस आणि तेलुगू घरी सीमंतम्. नावे तीन, भाषा तीन, पण मनातली माया एकच. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, खोबरे, मेथी, बाळंतशेपा हा सारा थाट अनुभवातूनच जमून आलेला आहे. मात्र येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. डोहाळेजेवण एका दिवसाचे. मग उरलेल्या नऊ महिन्यांचे काय? पुरुषांची पंगत उठली, मुले जेवली, सासूबाई जेवल्या, की टोपलीत उरलेली भाकरी आणि तळाचे कालवण सुनेच्या वाट्याला यावे, हीही आपलीच रीत होती. पोर मोठे झाले तर सुटका कठीण होईल, या भीतीने पोटुशीला कमी खाऊ घालणारी घरेही होती. पहिले चिकाचे दूध वाईट म्हणून टाकून देणारी घरेही होती. परंपरेचा अभिमान बाळगताना तिचे हे अंगही झाकून ठेवू नये.

घरातली वाढणी अशी. बाहेरची त्याहून कठोर. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ रक्कम इतकी उतरविली. स्त्रीला त्याहूनही कमी. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध अर्जावर अर्ज केले आणि कित्येक मजुरांनी कामे सोडून निषेध केला. त्या हिशेबात पुरुष, स्त्री आणि मूल अशी मोजणी होती. पोटात वाढणाऱ्या जिवाची मोजणी नव्हती.

त्याच दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी कुटुंबे भोंग्याच्या तालावर जगू लागली. कांडी भरण्याच्या आणि रीळ करण्याच्या खात्यांत स्त्रिया होत्या. गिरण्यांनी कामगारांना स्वस्त दराने धान्य देण्याची पद्धत पाडली, हे खरे. पण बाळंतपणासाठी काम सोडले की मजुरी बंद होई. म्हणजे जेव्हा खाण्याची गरज अधिक, नेमका तेव्हाच हाती पैसा नाही. पथ्याचे लाडू सांगणारी आजी घरात असली, तरी डिंक उधारीवर कोण देणार?

हा पेच कायद्यानेच सुटण्याजोगा होता. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयीचे विधेयक मांडले, ते टिकले नाही. मुंबई कायदेमंडळात मात्र २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशा विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला. प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. या प्रकारचा तो देशातील पहिलाच. भत्त्याचा दर होता दिवसाला आठ आणे. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे. बाळंतिणीची भाकरी ही दया नव्हे, हक्क आहे, हे त्याने प्रथम मान्य केले.

याच सुमारास मुंबईत दुसरा एक शोध लागत होता. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज संशोधिका तेथे आल्या. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या घातक पंडुरोगाचे कारण त्यांना शोधायचे होते. जिवाणू नव्हे, तर आहारातील उणीव हे त्याचे मूळ, असे त्यांच्या ध्यानी आले. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे साधे मार्माइट, दिल्याने हे रोगी सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक आम्ल ते हेच. आपल्या मेथी-पालकात आणि हरभऱ्या-चवळीत ते असते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींच्या अभ्यासातही, ज्या माता दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा खातात त्यांची बाळे अधिक भरतात, असे २००१ मध्ये दिसून आले. आजीबाईचे शहाणपण आणि प्रयोगशाळा यांची येथे गाठ पडते. पण दोघींनाही बाजारहाटासाठी पैसा लागतोच.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा आला; २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. परंतु तोवर सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे थंडावले होते. ज्या स्त्रियांच्या नावाने हक्क मिळाला, त्यांच्या लेकी-सुना घरी बसून विड्या वळू लागल्या होत्या. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. हात थांबला की ती थांबली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही प्रसूतिलाभाच्या कक्षेत घेतले. तथापि जिचे नाव कोणत्याच हजेरीपत्रकावर नाही, तिला आपला हक्क सिद्ध करणे किती अवघड, हे निराळे सांगावयास नको.

१९७२ च्या दुष्काळात कामावर सुकडी वाटली गेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडीची योजना सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला व स्तनदा मातेला अंगणवाडीतून आहार आणि किमान ६,००० रुपयांचे साहाय्य हा हक्क दिला. १८७७ च्या एका पौंडापासून आपण येथवर आलो आहोत. ही वाट लहान नव्हे.

परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येतो; ताट वाढायचे असते घरानेच. अंगणवाडीतून आलेला डबा साऱ्या घरात वाटला गेला, तर गर्भवतीच्या वाट्याला काय उरले? आमचे सांगणे एवढेच आहे : मंडळींनी आज घरी गेल्यावर पाहावे, की आपल्या घरी शेवटी जेवते कोण. ती जर पोटुशी किंवा बाळंतीण असेल, तर उद्यापासून पहिले पान तिचे मांडावे. त्यासाठी कोणत्याही कायदेमंडळाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.