पॅलेस्टाईन १९४७-४८ : गावे रिकामी कोणी केली?

इस्रायल-पॅलेस्टाईनवर वाद पेटला की एक तयार उत्तर पुढे येते. १५ मे १९४८ ला अरब देशांनी नुकत्याच जन्मलेल्या इस्रायलवर हल्ला केला, अरब नेत्यांनी रेडिओवरून आपल्या लोकांना घरे सोडायला सांगितले आणि त्यातून निर्वासितांचा प्रश्न तयार झाला. शिकलेसवरलेले कार्यकर्तेही हे बिनदिक्कत फॉरवर्ड करतात. आम्ही या उत्तराची चिकित्सा करणार आहोत, आणि सुरुवात तारखेपासून करणार आहोत.

अरब फौजा १५ मे ला आल्या, हे खरे. पण युद्ध त्याच्या साडेपाच महिने आधीपासून चालू होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव मंजूर केला. (भारताने विरोधात मत दिले होते. चौकशी समितीत इराण आणि युगोस्लाव्हियासोबत भारताने एकाच संघराज्याचा पर्याय मांडला होता.) ज्यू लोकसंख्या साधारण एक तृतीयांश, पण त्यांच्या राज्याला निम्म्याहून जास्त भूमी. ज्यू नेतृत्वाने ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला आणि दुसऱ्याच दिवसापासून रक्त सांडू लागले. १४ मे पर्यंतच्या या टप्प्याला इतिहासकार यादवी युद्ध म्हणतात. याच टप्प्यात, म्हणजे एकही अरब देश अधिकृतपणे युद्धात उतरण्यापूर्वी, अडीच लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले होते. एकूण विस्थापित सुमारे सात लाख. मग जे मे महिन्यात घडले ते एप्रिलमधल्या पलायनाचे कारण कसे होईल?

‘यादवी’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. यादवी म्हणजे एकाच घरातली मारामारी. तो शब्द वापरला की घरमालक बनून बसलेला ब्रिटिश चित्रातून गायब होतो. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देण्याचे वचन त्याचे, १९३६-३९ चा अरब उठाव चिरडून त्यांचे नेतृत्व मोडणारा तोच, आणि १९४८ मध्ये सामान गुंडाळताना बहुतेक ठिकाणी बघ्याची भूमिका घेणाराही तोच.

सुरुवात कोणी केली, हा तर न संपणारा वाद. हैफाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे उदाहरण घ्या. ३० डिसेंबर १९४७ ला इरगुन या जहाल ज्यू संघटनेने कारखान्याच्या फाटकाशी थांबलेल्या अरब मजुरांवर बॉम्ब फेकले, सहा ठार झाले. चवताळलेल्या अरब कामगारांनी आत शिरून ३९ ज्यू सहकाऱ्यांना मारले. त्याचा सूड म्हणून ज्यूंची मुख्य सशस्त्र संघटना हगाना पुढच्याच रात्री बलद अल-शेख गावावर चालून गेली. तिथल्या मृतांचा आकडा आजही वादात आहे. आता कथा बॉम्बपासून सांगा, ३९ प्रेतांपासून सांगा किंवा त्या रात्रीपासून सांगा. प्रत्येक वेळी गुन्हेगार बदलतो. घटना मात्र त्याच.

रेडिओवरच्या हुकमाचे काय? एर्स्किन चाइल्डर्स या आयरिश पत्रकाराने १९६१ मध्ये त्या काळातल्या अरब प्रसारणांच्या बीबीसीने ठेवलेल्या नोंदी तपासल्या. देश सोडून जाण्याचा आदेश सापडला नाही. उलट जागा सोडू नका अशी आवाहने सापडली. वालिद खालिदी हे पॅलेस्टिनी इतिहासकार त्याच्या दोन वर्षे आधीपासून तेच सांगत होते. पण ते पडले पॅलेस्टिनी! त्यांच्या म्हणण्याला ‘प्रचार’ हे लेबल चिकटवून जग मोकळे झाले.

मग इस्रायलचेच दप्तर खुले झाले. ऐंशीच्या दशकात बेनी मॉरिस या इस्रायली इतिहासकाराने ३० जून १९४८ चा लष्करी गुप्तचर विभागाचा अहवाल उजेडात आणला. १ जूनपर्यंतच्या अरब पलायनाची कारणे त्यात खुद्द त्यांच्या अधिकाऱ्यांनी मोजली आहेत. सुमारे ७० टक्के पलायन ज्यू संघटनांच्या लष्करी कारवायांमुळे. अरब संस्थांच्या आदेशाने सुमारे ५ टक्के. जे उद्ध्वस्त झालेली माणसे चाळीस वर्षे ओरडून सांगत होती, ते जेत्याच्या शिक्क्याचा कागद आल्यावर ‘इतिहास’ झाले. पुराव्यालाही जात असते ती अशी.

तरी वाद मिटला नाही. १० मार्च १९४८ च्या ‘योजना डालेत’मध्ये विरोध करणारी गावे उद्ध्वस्त करून लोकांना सीमेबाहेर काढण्याची तरतूद आहे. खालिदी आणि इलान पापे यांच्या मते हा हकालपट्टीचा आराखडाच होता. मॉरिस म्हणतात, ती लष्करी योजना होती, निर्वासित युद्धातून जन्मले. हैफाचा दाखलाही गुंतागुंतीचा आहे. एप्रिलमध्ये तिथल्या ज्यू महापौराने अरबांना थांबण्याची विनंती केली होती, आणि त्याच शहरात हगानाचे तोफगोळे अरब बाजारात पडत होते. आमच्या मते आदेशाचा एकच कागद शोधत बसण्यापेक्षा दुसरा प्रश्न निर्णायक आहे. युद्ध थांबल्यावर या लोकांना परत येऊ दिले का? नाही. चारशेहून अधिक गावे ओस पडली, बहुतेक जमीनदोस्त झाली. हे अपघाताने होत नाही. (हे सारे खणून काढणाऱ्या मॉरिसनेच २००४ मध्ये एका मुलाखतीत त्या हकालपट्टीचे समर्थन केले, हेही लक्षात असू द्या.)

इथे आपल्या बाजूच्या मित्रांनाही सांगायचे आहे. देर यासीनमध्ये ९ एप्रिल १९४८ ला इरगुन आणि लेहीने केलेल्या हत्याकांडात २५४ मेल्याचे आजही पोस्टरवर छापले जाते. हा आकडा इरगुनच्या कमांडरने दहशत बसावी म्हणून पत्रकारांना दिला आणि अरब नेतृत्वाने जगाला जागे करण्यासाठी तोच पसरवला. परिणाम इरगुनला हवा तोच झाला, गावेच्या गावे भीतीने पळाली. १९८७ मध्ये बिरझैत या पॅलेस्टिनी विद्यापीठाच्या संशोधकांनी घराघरांतल्या आठवणी गोळा करून मृतांची संख्या १०७ च्या आसपास असल्याचे दाखवले. पीडितांच्याच विद्यापीठाने आकडा खाली आणला आणि त्यामुळे हत्याकांड लहान झाले नाही. चारच दिवसांनी जेरुसलेममध्ये हदासा इस्पितळाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला करून डॉक्टर-परिचारिकांसह सुमारे ७८ जणांना मारले. देर यासीन सांगताना हे गाळणारा माणूस इतिहास सांगत नाही, वकिली करतो.

तोंडी साक्षीचे काय होते ते तंतुरा गावात दिसते. यादवीचा टप्पा संपून आठवडाभरात इस्रायली तुकडीने ते घेतले. टेडी कॅट्झ या हैफा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने गावकरी आणि सैनिक दोघांच्याही मुलाखती टेप करून तिथे शरण आलेल्यांना मारल्याचे एम.ए.च्या प्रबंधात लिहिले. प्रबंधाला उत्तम गुण मिळाले. तुकडीतल्या माजी सैनिकांनी बदनामीचा खटला भरताच कॅट्झने दबावाखाली माफीनाम्यावर सही केली, नंतर ती मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण कोर्टाने ऐकले नाही. विद्यापीठाने प्रबंध बाद ठरवला. २०११ मध्ये स्वातंत्र्यदिनी नकबाचा, म्हणजे १९४८ च्या त्या विध्वंसाचा, शोक पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान कापण्याचा कायदा आला. २०१९ मध्ये उघडकीस आले की संशोधकांनी आधी वाचलेली १९४८ ची कागदपत्रेसुद्धा संरक्षण मंत्रालयाचा एक विभाग पुन्हा तिजोरीत बंद करतो आहे. आणि २०२२ मध्ये तंतुरावरच्या माहितीपटात नव्वदीतले काही माजी सैनिक कॅमेऱ्यासमोर त्या हत्यांबद्दल बोलले.